उघडं कार्ड

गेल्या दिवाळीच्या आधी जतच्या घरी माळा साफ करताना एक पोथी हाती आली. लाल रुमालात बांधलेली, पानं सुटी झालेली. आजीनं ती उन्हात ठेवायला सांगितली. रुमाल सोडला तर पानांच्या मधोमध एक फोटो. मागे रंगवलेला पडदा, त्यावर तळं आणि पायऱ्या. उंच तिपाईवर फुलदाणी. तिपाईला एक हात टेकवून उभी असलेली नऊवारीतली मुलगी, सोळा-सतरा वर्षांची. दुसऱ्या हातात एक पुस्तक, बहुधा स्टुडिओवाल्यानंच दिलेलं. ती हसत नाहीये, पण हसू दाबून धरलंय असं वाटतं.

"ही माझी थोरली नणंद," आजी म्हणाली. म्हणजे आजोबांची बहीण, माझी आत्याआजी. मी जन्मायच्या खूप आधी ती गेली. तिचा एकही फोटो घरात नाही, असंच मी समजत होते.

त्याच संध्याकाळी मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला, कडेचे डाग जाऊ दिले नाहीत (डागांना आता किंमत आहे), आणि इन्स्टाग्रामवर टाकला. 'माझी आत्याआजी, स्वातंत्र्याच्या आधीची फॅशन आयकॉन' असं काहीतरी लिहिलं. माझ्या कुठल्याही पोस्टला मिळाले नव्हते एवढे लाइक्स मिळाले. चौथ्या दिवशी साड्या विकणाऱ्या एका ब्रँडचा मेसेज आला. त्यांना हा फोटो सणासुदीच्या जाहिरातीत वापरायचा होता. मानधन देणार होते, आत्याआजीचं नाव छापणार होते, वर दोन साड्या. मेसेजची भाषा अतिशय नम्र होती.

बाबा म्हणाले, "घे की. तिचं नाव होईल. ती आता कुठं बघायला येतीय?"

मी होकार कळवणारच होते. फक्त चांगल्या स्कॅनसाठी फोटो पुन्हा हातात घेतला आणि तेव्हा कुठे तो उलटा करून पाहिला. मागे मजकूर होता. फोटो म्हणजे पोस्टकार्डच होतं: मधोमध उभी रेघ, उजवीकडे पत्ता, तिकीट कुणीतरी उचकटून नेलेलं. डावीकडे फिकट शाईत, दाटीवाटीनं लिहिलेल्या सात-आठ ओळी. मी त्या आजीला अडखळत वाचून दाखवल्या.

त्या ओळी मी इथे जशाच्या तशा देत नाहीये. का, ते पुढे येईल. आशय सांगते. खुशाली, पाऊस, धाकट्या भावाच्या अभ्यासाची चौकशी. फोटो मिरजेला काढला, तो 'ह्यांच्या' आग्रहामुळे. आणि शेवटी आईला विनंती, की फोटो तुम्ही बघा, पण भिंतीवर लावू नका.

आजी थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणून पोथीत होता होय."

*

मला छळणारा प्रश्न सोपा दिसतो. तिनं हे पत्र पाकिटात घातलं नव्हतं. उघड्या कार्डावर लिहिलं होतं. जे वाटेतल्या कुणालाही वाचता येत होतं, ते तिला लपवायचं होतं असं कसं म्हणायचं? आणि लपवायचं नसेल, तर मी ते जगाला दाखवलं यात बिघडलं काय?

पोस्टकार्ड आलं तेव्हापासून हा गोंधळ त्याच्यासोबत आहे. पहिलं सरकारी कार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. एमान्युएल हेर्मान नावाच्या एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकानं हिशेब मांडला होता, की चार ओळींच्या निरोपासाठी कागद, पाकीट, लाख आणि पूर्ण टपाल हा खर्च वायफळ आहे. भारतात कार्ड आलं १ जुलै १८७९ ला. किंमत पाव आणा, म्हणजे त्या वेळचा एक पैसा. स्वस्ताई हेच त्याचं सगळं तत्त्वज्ञान होतं, आणि त्या स्वस्ताईची अट अशी, की मजकूर उघडा राहील. नोकरचाकर वाचतील, पोस्टमन वाचेल, अशी कुरकुर युरोपातल्या सभ्य घरांतून तेव्हाही झाली. ज्यांना पाकीट परवडत होतं त्यांची ती कुरकुर होती.

सुरुवातीला कार्डाची एक अख्खी बाजू फक्त पत्त्यासाठी असे. चित्राचं कार्ड असेल तर निरोप चित्राच्याच कडेला, आकाशात किंवा समुद्रात कोंबावा लागे. १९०२ मध्ये ब्रिटननं मागची बाजू दुभागायला परवानगी दिली, पाठोपाठ इतर देशांनीही दिली, आणि चित्राला एक पूर्ण बाजू मोकळी झाली. १९०३ मध्ये कोडॅकनं असा घडीचा कॅमेरा आणला, ज्याची निगेटिव्ह पोस्टकार्डाच्या मापाचीच होती. मागे 'पोस्टकार्ड' असं छापलेला फोटोचा कागद मिळू लागला. स्टुडिओवाला त्यावर थेट तुमची छबी उतरवून देई, तुम्ही मागे चार ओळी लिहून टपालात टाकायचं. आजही तालुक्याच्या गावातला फोटोवाला विचारतो, "पासपोर्ट साइज की पोस्टकार्ड साइज?" आपण उत्तर देतो, पण त्या मापाचं नाव कुठून आलं, हे आपल्या लक्षातही नसतं.

म्हणजे आत्याआजीच्या हातातलं ते कार्ड ही त्या काळची नवी गोष्ट होती. चेहरा आणि अक्षर पहिल्यांदाच एका कागदाच्या दोन बाजूंना आले होते, आणि दोन्ही उघडे.

*

पण ते उघडं कार्ड किती जणांसाठी उघडं होतं?

आमच्या घरात पत्रं तारेला लावलेली असायची. खाली लाकडाची चकती, वर आकडा, मधल्या तारेत एकेक पत्र खुपसायचं. ती तार अजून आहे. त्यातल्या पत्त्यांवरून आमच्या गावाचा इतिहास वाचता येतो. सर्वांत खालच्या कार्डांवर 'जत संस्थान' आहे. मग १९४९ नंतरची, 'जि. दक्षिण सातारा'. १९६० नंतर 'जि. सांगली'. घर जागचं हललं नाही, जिल्हा बदलत गेला. आणखी वरच्या कार्डांवर ४१६४०४ हा आकडा दिसू लागतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला. त्याची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. टपाल खात्यातला हा मराठी अधिकारी संस्कृतात कविता आणि नाटकं लिहीत असे.

या सगळ्या कार्डांवर भोकं आहेत. आत्याआजीच्या कार्डावर नाही. ते तारेला लागलंच नाही.

जतसारख्या तालुक्यात उघड्या पत्राचा व्यवहार कसा चालायचा, ते आजीकडून ऐकलेलं आहे. आमचा भाग पाण्याला पारखा. माणसं कामासाठी बाहेर. कुणी ऊसतोडीला, कुणी मुंबईला, शेजारच्या खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं तर सोनं-चांदी गाळायला पार दक्षिणेत पोचलेली. पूर्वेकडच्या गावांत बोलायला कन्नड आणि लिहायला मराठी अशी घरं आजही आहेत. पत्र आलं की ते कुणीतरी वाचून दाखवायचं: पोस्टमन, शाळेतला मुलगा, मास्तर. अंगणात चार बायका जमायच्या. म्हणजे पाकीटबंद पत्रसुद्धा शेवटी उघड्यावरच वाचलं जायचं.

तरीही या उघडेपणाला रीत होती. वाचणाऱ्यानं वाचून दाखवायचं आणि विसरायचं. ज्या ओळीला वाचणाऱ्याचा आवाज खाली यायचा, ती ओळ ऐकणाऱ्या बायकांनी ऐकली नाही असं धरायचं. कुणी गेल्याचं कार्ड आलं तर वाचून तिथेच फाडायचं, घरात ठेवायचं नाही. 'ती.'नं सुरू झालेलं पत्र वडीलधाऱ्यांचं, 'चि.'नं सुरू झालेलं धाकट्याचं. पहिल्या अक्षरापासून पत्र कुणाचं आहे हे ठरलेलं असायचं. दहा जणांनी वाचलं तरी ते दहा जणांचं होत नसे.

मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. आपण 'उघडं' आणि 'जाहीर' हे शब्द एकाच अर्थानं वापरतो, पण ते एक नाहीत. कार्ड उघडं असतं, पण त्यावर पत्ता असतो. वाटेत ते कितीही हातांतून गेलं तरी ते सगळे हात वाटेवरचे. वाट एका दारापाशी संपते. जाहीर गोष्टीला असं दार नसतं. जाहिरात 'सर्वांस' असते, म्हणजेच कुणा एकाला नसते. जाहीर आणि जाहिरात हे शब्द एकाच घरातले आहेत, हे काही उगाच नाही.

आत्याआजीनं मजकूर लपवला नव्हता. तिनं त्याला पत्ता दिला होता. आणि तो पत्ता इतका नेमका होता, की घरच्या घरातही तिनं वाट आखून दिली: आईपर्यंत, भिंतीपर्यंत नाही. भिंतीवर का नको होता? तेव्हा भिंतीवर फोटो लागायचे ते बहुतेक हार घातलेल्यांचे, म्हणून असेल. सासरी कळलं तर, म्हणून असेल. नुसती लाज असेल. कारण तिनं लिहिलेलं नाही, आणि तिला कारण द्यावं लागू नये, असंही मला आता वाटतं. आईनं कारण मागितलं नसणार. पोथीच्या पानांत ठेवून ती रोज बघत राहिली.

*

फोटोच्या कार्डाला आणखी एक बाजू आहे, आणि ती कमी गोड आहे.

ज्या वर्षांत घरोघरचे चेहरे कार्डावर येऊ लागले, त्याच वर्षांत भारतातले हजारो चेहरे विकायच्या कार्डांवर छापले जात होते. त्याआधीच, १८६८ ते १८७५ या काळात, 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंडांचं सचित्र काम सरकारी आश्रयानं निघालं होतं. त्यात माणसं जातीजमातींचे नमुने म्हणून मांडलेली. चित्रकार्डांनी तीच नजर स्वस्त केली. भिस्ती, आया, फकीर, नाचणारी. कार्डाखाली अशी एक ओळ, माणसाचं नाव नाही. हे कार्ड एखादा साहेब घ्यायचा, मागे आपल्या मावशीला 'इथे फार उकाडा आहे' असं लिहायचा आणि पाठवून द्यायचा.

त्या कार्डावर कोण कोण आहे ते मोजून बघा. पाठवणाऱ्याची सही आहे. घेणारीचं नाव-पत्ता आहे. छापणाऱ्या कंपनीचं नाव बारीक टाइपात आहे. नाव नाही ते एकाचंच, ज्याच्या चेहऱ्यावर हा सगळा व्यवहार उभा आहे त्याचं.

मालाची जाहिरात करणाऱ्यांना ही जागा लगेच दिसली. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनाच्या सुमारास सिंगर शिवणयंत्र कंपनीनं देशोदेशींची माणसं त्यांच्या पोशाखात मशीनजवळ बसवून रंगीत कार्डं छापली आणि फुकट वाटली. त्यात भारताचंही कार्ड होतं. लोकांनी ती जपून ठेवली, कारण ती सुंदर होती. जाहिरातीचं यश यातच असतं, की ती भेटवस्तू वाटावी.

याच सुमारास अमेरिकेत एक खटला झाला. न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅबिगेल रॉबरसन या तरुण मुलीला कळलं, की तिचा फोटो पिठाच्या एका ब्रँडच्या जाहिरातीवर छापलाय. २५,००० प्रती, दुकानांत आणि गुत्त्यांत लावलेल्या. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती आजारी पडली, कोर्टात गेली, आणि १९०२ मध्ये तिथल्या सर्वोच्च अपील न्यायालयात एका मतानं हरली. चार विरुद्ध तीन. निकाल देणाऱ्या न्यायाधीशांनी असंही सुचवलं, की दुसऱ्या एखादीला यात आपल्या रूपाची वाहवाच दिसली असती. लोक इतके चिडले, की पुढच्याच वर्षी राज्याला कायदा करावा लागला: लेखी परवानगीशिवाय कुणाचं नाव किंवा चित्र व्यापारासाठी वापरता येणार नाही.

हे वाचताना मला बाबा आठवले. 'तिचं नाव होईल.' त्यांचा हेतू प्रेमाचा होता, न्यायाधीशांचाही वाईट नसेल. दोघांनी एकच गोष्ट गाळली. कौतुक झालं तरी ते जिचं आहे तिला हवं होतं का, हा प्रश्न उरतोच.

*

इथवर आलं की ब्रँडला खलनायक करून मोकळं व्हायचा मोह होतो. पण माझ्याच जिल्ह्यातला अनुभव तसं करू देत नाही.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर वसवलेली. तिथून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघू लागलं. नावच सांगतं, की ते कारखान्याचं पत्र होतं. नांगर आणि यंत्रं विकणाऱ्या कंपनीची बातमी लोकांपर्यंत न्यावी, हा हेतू. शंकरराव किर्लोस्कर संपादक, आणि मुळात चित्रकार. हळूहळू त्या पत्राचं रूप पालटलं. त्यात लेख आले, कथा आल्या, सामाजिक वाद आले. 'खबर' गळून 'किर्लोस्कर' मासिक उरलं. १९३० मध्ये 'स्त्री' आलं, १९३४ मध्ये 'मनोहर'. मराठी बायकांच्या एका पिढीनं जे मासिक आपलं मानलं, त्याचं मूळ एका कंपनीच्या जाहिरात-पत्रात आहे. म्हणजे जाहिरातीलाही पत्ता लागू शकतो. 'सर्वांस' म्हणून सुरू झालेला मजकूर कुणालातरी उद्देशून बोलू लागला, त्यांचं ऐकू लागला, की त्याचं पत्र होतं.

दुसरं टोक गांधींचं. कार्डांवर अखंड पत्रव्यवहार करणारा हा माणूस 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन'मध्ये जाहिराती घेत नसे. वाचकानं अंकाची किंमत मोजावी, म्हणजे पत्र वाचकाचं राहील, हा त्यामागचा विचार. विचार स्वच्छ आहे. पण प्रत्येक वाचकाला किंमत मोजता येईल, हे त्यात गृहीत आहे.

ते गृहीत प्रत्येक वेळी टिकत नाही. २००२ मध्ये टपाल खात्यानं 'मेघदूत' नावाचं पोस्टकार्ड काढलं. साधं कार्ड पन्नास पैशांना, मेघदूत पंचवीसला. उरलेले पैसे जाहिरातदार देणार, आणि त्या बदल्यात पत्त्याच्या बाजूला डावीकडे त्याची जाहिरात. आमच्या तारेत अशी तीन-चार कार्डं आहेत. एकीकडे सरकारी योजनेची सूचना, मागे कारखान्यावरच्या कोपीतून ऊसतोडीला गेलेल्या माणसानं घरी विचारलेलं, 'शेळी व्याली का'.

या कार्डावर पत्र भ्रष्ट झालं का? मी पुष्कळ विचार केला, आणि माझं उत्तर 'नाही' असं आहे. जाहिरात पत्त्याच्या शेजारी बसली होती, पण पत्त्यावर बसली नव्हती. शेळीबद्दल तिला काही कळलं नाही. पत्र कुणाचं, कुणाला, हे तिनं बदललं नाही. एस.टी.त शेजारच्या सीटवर बसलेल्या अनोळखी माणसाइतकाच तिचा आणि पत्राचा संबंध. आणि तिच्यामुळे ज्याच्याकडे पन्नास पैसेसुद्धा मोजून खर्चायचे होते, त्याची दोन पत्रं घरी पोचली. पत्रात जाहिरात नको, हा आग्रह धरायलाही खिशात थोडे पैसे असावे लागतात.

*

मग अडचण नेमकी कुठे सुरू होते? तुमच्या-माझ्या हातातल्या फोनवर ती रोज सुरू होते, म्हणून तिथेच बघू.

सणाच्या सकाळी येणारं शुभेच्छांचं चित्र आठवा. वर गणपती किंवा पणती, खाली पट्टीत एखाद्या बिल्डरचं नाव, सोनाराचा लोगो, नाहीतर हात जोडलेला भावी नगरसेवक. पाठवलंय काकांनी. काकांना आपली आठवण झाली, हे खरं आहे. पण त्या चित्रात त्यांचा एक शब्द नाही. मेघदूतवर मागची बाजू तरी कोरी मिळायची, ती माणसाला भरावीच लागे. इथे मागची बाजूच नाही. जाहिरातदारानं पत्र लिहून ठेवलंय, काका फक्त पोस्टमन झालेत.

दुसरा प्रकार याच्या उलट. 'प्रिय अमुक, खास तुमच्यासाठी.' यात माझं नाव आहे, आडनाव आहे, मागच्या महिन्यात मी काय घेतलं तेही आहे. पत्त्याची सगळी खूण आहे, पण पाठवणारं कुणी नाही. ही पत्राचं सोंग घेतलेली जाहिरात.

तिसरा प्रकार सर्वांत शांत. जीमेल कित्येक वर्षं मेलमधले शब्द यंत्राकडून वाचून त्यानुसार जाहिराती दाखवायचं. २०१७ मध्ये त्यांनी ते थांबवत असल्याचं जाहीर केलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या संस्थापकांनी २०१२ मध्ये आपण जाहिराती का विकत नाही, यावर एक टिपण लिहिलं होतं. नंतर कंपनी विकली गेली, आणि जून २०२५ मध्ये स्टेटसच्या मधे जाहिराती येणार असल्याची घोषणा झाली. तिथे अजून आपल्या चॅटमधला मजकूर उघडला जात नाही, असं कंपनी सांगते. पण कल सगळ्यांना दिसतो. जाहिरात शेजारच्या सीटवरून उठून आपल्या खांद्यावरून डोकावायला लागली, की ती मेघदूत राहत नाही.

आणि चौथा प्रकार म्हणजे माझी आत्याआजी. इथे जाहिरात पत्राशेजारी बसत नाही, पत्राचं सोंग घेत नाही, पत्रात डोकावतही नाही. खरंखुरं पत्र उचलून, त्यावरचा पत्ता पुसून, तेच जाहिरात म्हणून लावते. त्या साडीवाल्यांना फोटो हवा होता तो तो खरा होता म्हणून. दाबलेलं हसू, डाग, कडा. मॉडेल उभी करून त्यांना तसा फोटो हवा तेवढ्या वेळा काढता आला असता. पण आईसाठी काढलेल्या फोटोत जे असतं, ते सगळ्यांसाठी काढलेल्या फोटोत आणता येत नाही. म्हणजे त्यांना विकत हवा होता तो तिनं लिहिलेला पत्ताच, आणि वापरताना पहिल्यांदा पुसला जाणार होता तोही पत्ताच.

*

माझ्या या म्हणण्यावर तीन आक्षेप मला स्वतःलाच सुचले, आणि तिन्ही हलके नाहीत.

पहिला बाबांचा. ती गेलीय, मेलेल्या माणसाला काय कळतं? कायद्याचा ओघही साधारण त्याच बाजूला आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला, पण तो माणसासोबत संपतो असं उच्च न्यायालयांनी पुढे म्हटलेलं आहे. कोर्टात मी हरेन. पण आपण मेलेल्यांना दिलेले शब्द पाळतोच. अमुक झाड तोडू नकोस म्हणून गेलेल्या आजोबांचं झाड आपण ठेवतो. त्यांना कळणार असतं म्हणून नाही. आपण त्यांचे कोण, हे त्यातून ठरतं म्हणून.

दुसरा आक्षेप इतिहासाचा. दुसऱ्यांची पत्रं कुणी वाचलीच नाहीत, तर सामान्य माणसांचा इतिहास लिहायचा कशावरून? राजांची बखर असते, आत्याआजीसारखीचं कार्डच असतं. हे मला मान्य आहे. ते कार्ड जाळावं असं मी म्हणत नाही. पण अभ्यासक कार्ड उलटून बघतो. कुणी, कुणाला, कधी, हे विचारतो. म्हणजे तो पत्ता वाचतो. वाटेवरचा तो आणखी एक हात, थोडा उशिरा आलेला. जुन्या कार्डांचे संग्राहकही दोन प्रकारचे असतात: काही फक्त चित्राची बाजू मांडतात, काही मागचा मजकूरही जपतात. मी कुठल्या प्रकारात होते, हे सांगायला नको.

तिसरा आक्षेप सर्वांत टोचणारा आहे. ब्रँडला नाही म्हणायला मी निघाले खरी, पण पहिली जाहिरात कुणी केली? फोटो भिंतीवर मीच लावला. फेसबुकच्या पानालाही एकेकाळी 'वॉल' म्हणायची पद्धत असलेल्या जगात मी वाढलेय, आणि तरी मला शब्द खटकला नाही. तिच्या चेहऱ्यावर मी काही साडी विकली नाही, पण स्वतःला विकलं: बघा, माझं घराणं किती देखणं, माझी नजर किती चांगली. लाइक्स मला मिळाले. साडीवाल्यांनी निदान विचारलं तरी होतं. मी विचारलंही नव्हतं, आणि उत्तर तर फोटोच्या पाठीवरच लिहिलेलं होतं.

मी वाचलं नाही, एवढंच माझं समर्थन. आणि न वाचणं हीच तर चूक होती. आपल्या पिढीला फोटोला मागची बाजू असते, याची सवय राहिलेली नाही. स्क्रीनवरचा फोटो उलटता येत नाही. त्यामुळे जे हाती आलं ते आपल्याला आलं, असं आपण समजतो. फॉरवर्ड करायच्या आधी 'हे मला कुणी पाठवलं' हे आपण बघतो, 'हे मुळात कुणासाठी होतं' हे बघत नाही. लग्नात लांबच्या मावशीचा नाचतानाचा व्हिडिओ, दवाखान्यातल्या खाटेवरचा फोटो, शाळेच्या ग्रुपवरचं कुणाच्यातरी लेकराचं रडणं. सगळं उघडं असतं. म्हणून सगळ्यांचं असतं असं नाही.

*

मी ब्रँडला नम्रपणे नाही कळवलं. त्यांनी कारण विचारलं नाही, हे चांगलं झालं. पोस्ट काढून टाकली. ती किती ठिकाणी पोचली असेल, हे मला माहीत नाही. पोस्टातल्या पत्राला चुकीच्या पत्त्यावरून परत यायची सोय असते, इथे ती नाही.

मग हा लेख का लिहिला, असं तुम्ही विचारू शकता. तोही एक प्रकारे तिला पुन्हा जाहीर करणंच आहे. मी बराच काळ लिहिला नाही, तो त्यामुळेच. शेवटी एवढं ठरवलं, की तिचं नाव द्यायचं नाही, सासरचं गाव द्यायचं नाही, तिचं वाक्य जसंच्या तसं द्यायचं नाही, आणि फोटो तर नाहीच. तुम्हाला ती दिसू नये, फक्त तिची विनंती ऐकू यावी. हे पुरेसं आहे का, याची मला अजून खात्री नाही.

दिवाळीनंतर पुण्याला परतायच्या आदल्या रात्री आजीनं पोथी पुन्हा रुमालात बांधायला घेतली. मी विचारलं, "कार्ड तारेला लावायचं का, बाकीच्यांसोबत?"

"भोक पडंल की गं त्याला," आजी म्हणाली. तिनं फोटो हातात धरला, पुढून पाहिला, उलटा करून मागून पाहिला. चष्म्याशिवाय तिला अक्षर दिसत नाही, पण ती तेवढा वेळ थांबली. मग जिथे होता त्याच पानात ठेवून तिनं रुमालाची गाठ मारली.